पॉलिसी कंपनीची, माणूस घरचा: रत्नागिरीतल्या एका कीमॅन विम्याचे प्रकरण

फेब्रुवारी 2025 मध्ये विमा कंपनीचा तपासनीस पावसजवळच्या एका घरी गेला. घरच्या कर्त्या माणसाला जाऊन अडीच महिने झाले होते. त्याने जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या मागितल्या, दवाखान्याची फाइल मागितली आणि बोलता बोलता विचारले, "सव्वा कोटीची पॉलिसी होती, तुम्हाला ठाऊक असेलच?" कोणालाच ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी मयताचा थोरला भाऊ मिरजोळे एमआयडीसीतल्या कारखान्यात येऊन मालकासमोर बसला. "शेठ, माणूस आमचा गेला. पैसे तुमच्या खात्यात कसे?"

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. कारखाना, माणसे आणि रकमा कल्पित आहेत. कायदा, कर आणि विम्याच्या रीती मात्र त्या काळात होत्या तशाच दिल्या आहेत.

कारखाना मासळी गोठवून निर्यात करणारा, प्रायव्हेट लिमिटेड. मुख्य माल म्हाकूल, जोडीला सुरिमीसाठी, म्हणजे माशाच्या गोठवलेल्या लगद्यासाठी, राणी मासा. कायम कामगार 64, शिवाय हंगामात ठेकेदाराकडून येणाऱ्या साफसफाईच्या बायका. उत्पादन व्यवस्थापक 47 वर्षांचा, 11 वर्षे 4 महिने नोकरीत, महिना 1 लाख 5 हजार पगार. कंपनीत त्याचा एकही शेअर नाही. पण पहाटे मिरकरवाडा बंदरावरच्या लिलावात कोणत्या बोटीचा माल उचलायचा आणि कोणता सोडायचा, ते तोच ठरवी. म्हाकूलची प्रतवारी किलोमागे नगांवर चालते: 10 च्या आत, 10 ते 20, 20 ते 40. हा आकडा हुकला की युरोपातला ग्राहक भाव पाडतो. निर्यात तपासणी यंत्रणेचे ऑडिट तोच हाताळी आणि परदेशी खरेदीदार फोन करायचे तेही त्यालाच. 2022 मध्ये मालकांनी त्याचा कीमॅन विमा काढला, म्हणजे ज्याच्यावाचून धंदा अडेल अशा माणसाच्या जिवावर कंपनीने स्वतःसाठी काढलेला विमा, तो या कारणांसाठी. कारणे रास्त होती.

सव्वा कोटी कुठून आले

दुसऱ्याच्या जिवावर विमा काढायचा तर विमाहित लागते, म्हणजे तो माणूस गेल्यावर आपले मोजता येईल असे नुकसान व्हायला हवे. तसे नसेल तर तो करार पैज ठरतो आणि 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 खाली पैज रद्दबातल असते. मालकाला नोकराच्या जिवात विमाहित असते, पण नुकसानीच्या मापापुरतेच. म्हणून विमा कंपनी मागेल तेवढी रक्कम देत नाही, आपल्या आडाख्यांनी मोजते. आडाखे कंपनीगणिक थोडे बदलतात, पण साधारण तीन असतात: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी ढोबळ नफ्याची दोन-तीन पट, सरासरी निव्वळ नफ्याची पाच पट आणि त्या माणसाच्या वार्षिक पगाराची दहा पट. यांतला सगळ्यात लहान आकडा धरतात.

या कंपनीचा तीन वर्षांचा निव्वळ नफा 38, 52 आणि 45 लाख, म्हणजे सरासरी 45 लाख. पाच पट 2 कोटी 25 लाख. ढोबळ नफ्याचा आकडा त्याहून मोठा होता. वार्षिक पगार 12 लाख 60 हजार, दहा पट 1 कोटी 26 लाख. एजंटाने 2 कोटींचा प्रस्ताव नेला होता. विमा कंपनीने तो 1 कोटी 25 लाखांवर आणला.

एजंटाला खरे तर बचतीची पॉलिसी विकायची होती. "मुदत संपली की पैसे परत, मग पॉलिसी व्यवस्थापकांच्या नावे करून टाकू," अशी त्याची योजना. हा जुना मार्ग आहे. कंपनीने मोठे हप्ते खर्चात दाखवायचे, शेवटी पॉलिसी संचालकाच्या किंवा मर्जीतल्या अधिकाऱ्याच्या नावे हस्तांतरित करायची आणि मुदतीची रक्कम त्याने करमुक्त घ्यायची. 2013 च्या वित्त कायद्याने तो बंद केला: कीमॅन पॉलिसी कोणाच्याही नावे गेली, मोबदला घेऊन गेली वा न घेता गेली, तरी ती कीमॅनच राहते आणि रक्कम करपात्र ठरते. शिवाय कीमॅनखाली आता शुद्ध मुदत विमाच मिळतो, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे, एरवी काही परत नाही. शेवटी दहा वर्षांचा मुदत विमाच निघाला.

कागद असे लागले: संचालक मंडळाचा ठराव, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि विवरणपत्रे, कंपनीचे घटनापत्र, व्यवस्थापकाचा फॉर्म 16, कीमॅन प्रश्नावली आणि वैद्यकीय तपासणी. प्रस्तावावर दोन सह्या असतात. प्रस्तावक म्हणून कंपनीची आणि ज्याच्या जिवाचा विमा त्याची. व्यवस्थापकाने सही केली, पण फॉर्म इंग्रजीत होता. नॉमिनीचा रकाना रिकामा होता, आणि तो रिकामाच असायला हवा: विमा कायद्याच्या कलम 39 खाली नामनिर्देशन करता येते ते स्वतःच्या जिवावरच्या पॉलिसीत. इथे पॉलिसीची मालक कंपनी. हे सहीच्या वेळी कोणी तोंडाने सांगितले असते तरी पुढचा निम्मा मनस्ताप टळला असता. घरी त्याने एवढेच सांगितले होते, "कंपनीने माझा विमा उतरवलाय." घरच्यांनी त्यातून जो अर्थ घ्यायचा तोच घेतला.

एक रकाना

विम्याच्या भांडणात लोक मोठ्या पॉलिसीकडे बघतात. या प्रकरणातली खरी चूक एका एक्सेल पानात होती.

कंपनीचा कायम कामगारांसाठी गट मुदत विमा होता. कामगारांना प्रत्येकी 5 लाख, अधिकाऱ्यांना दोन वर्षांचा पगार. व्यवस्थापकाच्या नियुक्तिपत्रातही तसे लिहिले होते. त्याच्या हिशोबाने 25 लाख 20 हजार. गट विम्यात एकच मास्टर पॉलिसी असते आणि तिच्याखाली नावांची यादी. दर महिन्याला नवे आलेले व सोडून गेलेले कळवायचे, आणि नूतनीकरणाला अख्खी यादी नव्याने द्यायची. एप्रिल 2022 च्या नूतनीकरणात कार्यालयातल्या लेखनिकाने व्यवस्थापकाचे नाव काढले आणि शेऱ्यात टाकले, "स्वतंत्र पॉलिसी आहे". हेतू साधा होता, एकाच माणसाचे दोन हप्ते का भरायचे. वर्षाला दहा हजारांच्या आतबाहेर वाचले. यादीवर मालकांनी सही केली, ती शेवटची बेरीज बघून.

हे दोन विमे एकमेकांची जागा घेत नाहीत. एकाचे पैसे कंपनीला, दुसऱ्याचे घरी. यादीत नाव नाही आणि हप्ता नाही, तर विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबी प्रमाणे जोखीमही नाही. गट विमा कंपनीने दोन ओळींत हात वर केले आणि त्यात तिचे काही चुकले नाही.

व्यवस्थापक नोव्हेंबर 2024 च्या शेवटच्या आठवड्यात हृदयविकाराने गेला. हंगाम ऐन भरात होता.

तीन वर्षांच्या आतला मृत्यू

पॉलिसी मार्च 2022 ची, म्हणजे मृत्यूच्या वेळी दोन वर्षे आठ महिन्यांची. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षे उलटल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर प्रश्न उचलता येत नाही. त्याआधी मात्र चुकीच्या किंवा दडवलेल्या माहितीवरून येतो, म्हणून तीन वर्षांच्या आतले सगळे मोठे दावे तपासाला जातातच. तपासनीस पावसला गेला तो संशयाने नव्हे, रिवाजाने. कंपनीने मयताच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, आधी फोन केला असता तर तो घरी एवढा परका ठरला नसता.

त्याला 2019 ची मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी सापडली. प्रस्तावात मधुमेहाच्या प्रश्नापुढे एजंटाने स्वतःच्या हाताने "नाही" लिहिले होते. दावा इथे बुडायला हवा होता. तो वाचला फाइलमधल्या एका पत्रामुळे: 2022 च्या तपासणीत एचबीए1सी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेचे माप, 6.9 आले होते, जे मधुमेहाच्या पातळीत मोडते; त्यावर विमा कंपनीने वाढीव हप्त्याचा फेरप्रस्ताव पाठवला आणि कंपनीने तो सही करून स्वीकारला. 58 हजार 400 चा वार्षिक हप्ता हा जादा आकार धरूनच होता. कलम 45 मध्येच तजवीज आहे की चुकीची माहिती विमा कंपनीला आधीपासून ठाऊक असेल, तर फसवणुकीच्या नावाखाली दावा नाकारता येत नाही. साखरेसाठी जादा पैसे घेणाऱ्याला साखर दडवली असे म्हणता आले नाही. फेरप्रस्तावाचे पत्र मूळ पॉलिसीइतकेच जपून ठेवायचे असते. बहुतेक कार्यालयांत ते ईमेलमध्ये पडून राहते.

विलंब मात्र कंपनीकडूनच झाला. मृत्यूचा दाखला, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र, रजेचा तपशील, दाव्यासाठी नवा ठराव आणि मूळ पॉलिसी हे सगळे 27 जानेवारीला पूर्ण झाले. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाने तपास लागणाऱ्या मृत्यूच्या दाव्यांना 45 दिवस दिले आहेत. पैसे 12 मार्चला आले, 44 व्या दिवशी.

तोवर नुकसान होऊन गेले होते. चार कंटेनरांत प्रतवारी चुकली: 104 टन मालावर किलोमागे 22 रुपये भाव तुटला, म्हणजे 22 लाख 88 हजार. सात आठवडे एकच पाळी चालली, तिचा बसून खर्च 18 लाख. वेरावळहून नवा व्यवस्थापक आणला, त्याचा पगार 35 हजारांनी जास्त, वर्षाला 4 लाख 20 हजार. घर, प्रवास आणि ऑडिटसाठी सल्लागार यांचे 6 लाख. एकूण 51 लाख 8 हजार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळे बँकेच्या निर्यातपूर्व कर्जावर निभावले, व्याज वेगळे. कीमॅन विम्याच्या जाहिरातीत हे अंतर दिसत नाही. माणूस गेल्यापासून पैसे येईपर्यंतचे चार महिने हातच्या पैशांवर किंवा कर्जावर काढावे लागतात, आणि मासळीच्या धंद्यात चार महिने म्हणजे हंगामाचा जवळजवळ निम्मा भाग. 1 जून ते 31 जुलै बंदी असतेच.

करानंतर उरले किती

कीमॅनचा हप्ता धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 18 फेब्रुवारी 1998 च्या 762 क्रमांकाच्या परिपत्रकात ते स्पष्ट केले आहे. सल्लागार हा भाग सांगतात. दुसरा भाग असा की आलेली अख्खी रक्कम कलम 28(vi) खाली धंद्याचे उत्पन्न धरली जाते. इतर आयुर्विम्याच्या दाव्याला मिळणारी कलम 10(10डी) ची सूट कीमॅनला नाही. (कलमे 1961 च्या कायद्याची आहेत; 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने क्रमांक बदलले.)

तीन हप्ते मिळून 1 लाख 75 हजार 200 भरले, जीएसटी वेगळा. कंपनीच्या 25.168 टक्के कराच्या दराने त्यावर वाचलेला कर सुमारे 44 हजार. सव्वा कोटीवरचा कर 31 लाख 46 हजार. विमा कंपनीने कलम 194 डीए खाली, भरलेले हप्ते वजा जाता उरलेल्या रकमेवर 2 टक्के, म्हणजे 2 लाख 46 हजारांच्या आसपास, आधीच कापून घेतले होते. पैसे आले 12 मार्चला आणि अग्रिम कराचा शेवटचा हप्ता 15 मार्चला, त्यामुळे लेखापालाला तीन दिवस मिळाले. मालकांच्या डोक्यात सव्वा कोटी होते. प्रत्यक्षात 93 लाख 54 हजार उरले. म्हणून रक्कम ठरवतानाच नुकसानीत कर मिळवून धरावा, हातात 94 लाख हवे असतील तर विमा सव्वा कोटीचा.

घराचे काय

थोरल्या भावाला पहिल्या दिवशी उत्तर मिळाले ते असे: "कायद्याने पैसे कंपनीचे आहेत." उत्तर बरोबर होते. पण ते मयताच्या भावाला तेराव्यानंतर दोन महिन्यांनी, कार्यालयातल्या काचेच्या टेबलापलीकडून द्यायचे नसते. पुढचे पंधरा दिवस एमआयडीसीत आणि मिरकरवाड्यावर एकच चर्चा होती, शेठने मेलेल्या माणसावर कोटी कमावले.

ही शंका जगभर आहे आणि कधी कधी खरीही असते. अमेरिकेत 1990 च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी साध्या दुकान कामगारांवर त्यांना न सांगता विमे काढले. वॉलमार्टने सुमारे साडेतीन लाख कामगारांवर काढले होते. कामगार गेला की पैसे कंपनीला, शिवाय कराची सवलत. लोक त्याला मेलेल्या कुळांचा विमा म्हणत. 2006 च्या कायद्याने तिथे आधी लेखी सूचना आणि संमती सक्तीची झाली, आणि करमुक्ती मुख्यतः वरच्या पगाराच्या माणसांपुरती राहिली. आपल्याकडे प्रस्तावावर त्या माणसाचीच सही लागते, म्हणून नकळत विमा निघत नाही. न समजता मात्र निघतो.

कंपनीच्या लेखापालाने मग पावसला जाऊन वहिनींपुढे एक कागद ठेवला आणि घराला काय मिळणार ते ओळीने लिहिले. भविष्य निर्वाह निधीची शिल्लक आणि विधवा निवृत्तिवेतन. निधीला जोडलेला विमा, ज्यासाठी कंपनी महिना फक्त 75 रुपये भरते: 15 हजारांच्या कमाल वेतनाची 35 पट म्हणजे 5 लाख 25 हजार, अधिक शिल्लकेवरून जास्तीत जास्त 1 लाख 75 हजार, मिळून 7 लाख, अर्ज फॉर्म 5 आयएफ. उपदान (ग्रॅच्युइटी): मूळ वेतन 52 हजार 500, गुणिले 15, भागिले 26, गुणिले 11 वर्षे, म्हणजे 3 लाख 33 हजार 173. मृत्यू झाला तर उपदानाला पाच वर्षांची अटही नसते. हे अर्ज तीन महिने भरलेच नव्हते. सगळे सव्वा कोटीच्या मागे लागले होते आणि हक्काचे 10 लाख 33 हजार खोळंबले होते.

शेवटची ओळ गट विम्याची. तिथे लेखापालाने खरे ते सांगितले: नाव आम्ही काढले, चूक आमची.

22 मार्चला संचालक मंडळाने 25 लाख 20 हजारांचा ठराव केला. ठरावात "मदत" हा शब्द मुद्दाम टाळला. लिहिले असे: नियुक्तिपत्रातील अटीप्रमाणे देय गट विमा संरक्षण कंपनीच्या चुकीने खंडित झाल्याने त्याची भरपाई. हा शब्द करासाठीही महत्त्वाचा. अट आणि तिच्या भंगाची भरपाई म्हटले की तो धंद्याचा खर्च ठरतो. मायेने दिलेली देणगी म्हटले की अधिकारी प्रश्न विचारतो. सेवेत असताना मृत्यू पावलेल्या नोकराच्या विधवेला किंवा वारसांना मिळालेल्या अशा एकरकमी पैशांवर कर नाही, हे 21 ऑगस्ट 1990 च्या 573 क्रमांकाच्या परिपत्रकात आहे. रक्कम 26 मार्चला, म्हणजे वर्ष संपायच्या आत दिली, म्हणून ती त्याच वर्षीच्या विमा उत्पन्नातून वजा झाली. करपात्र राहिले 99 लाख 80 हजार, कर 25 लाख 12 हजारांच्या आसपास, कंपनीच्या हाती 74 लाख 68 हजार. झालेले 51 लाखांचे नुकसान भरून वर 23 लाख 60 हजार उरले, त्यांतून बँकेचे व्याज गेले.

आता त्या फाइलमध्ये काय आहे

नव्या व्यवस्थापकाचाही कीमॅन विमा काढला आहे. प्रस्तावासोबत मराठीत एक पान, तीनदा सही केलेले: एक प्रत त्याच्याकडे, एक कंपनीकडे, एक त्याच्या बायकोकडे. मजकूर असा:

"हा विमा माझ्या मृत्यूने कंपनीच्या धंद्याचे होणारे नुकसान भरून काढण्यासाठी आहे. हप्ता कंपनी भरते. रक्कम कंपनीला मिळेल, माझ्या वारसांना नाही. माझ्या कुटुंबासाठी गट मुदत विमा वेगळा असून त्याची रक्कम आज 33 लाख 60 हजार आहे व नॉमिनी माझी पत्नी आहे. माझे सर्व आजार व औषधे मी स्वतः सांगितली असून ती सोबतच्या पानावर माझ्या हस्ताक्षरात आहेत. मी नोकरी सोडल्यास कंपनी हा विमा बंद करील."

शेवटचे वाक्य लिहिताना मालक अडले. पॉलिसी त्याच्या नावे करून देऊ, त्यात काय जाते, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे काही जात नाही, पण 2013 नंतर ती त्याच्या घरी जाऊनही कीमॅनच राहील आणि त्याच्या बायकोला मिळणाऱ्या पैशांवर कर लागेल. त्याने स्वतःचा मुदत विमा काढलेला बरा.

गट विम्याच्या यादीत "शेरा" हा रकाना आता ठेवलेला नाही. दर महिन्याला यादीतली नावे पगारपत्रकाशी ताडतात. डोकी सारखी हवीत. फरक पडला तर पगार थांबत नाही, पण यादी त्याच दिवशी जाते.

ठेकेदाराकडच्या बायका कंपनीच्या गट विम्यात बसत नाहीत. त्यांच्या उपयोगी पडते ती प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना, वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचे संरक्षण, वय 18 ते 50. तिचे वर्ष 1 जूनला सुरू होते आणि हप्ता मे अखेरीस बँक खात्यातून आपोआप कापला जातो. नेमकी तेव्हाच मासेमारी बंद होत असते, काम संपते आणि खाती रिकामी असतात. शिल्लक नाही म्हणून हप्ता फिरतो आणि विमा गुपचूप बंद पडतो. कंपनीने यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यातल्या पगारात प्रत्येकीच्या खात्यावर 436 रुपये वेगळे टाकले आणि ठेकेदाराला सांगितले, हे कापायचे नाहीत.